खुडूक कोंबडी

धामापूरच्या आमच्या शेजारच्या काकी कुणाचे लाड करत नाहीत. कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली की नवी अंडी घालायची थांबते, म्हणून काकी तिला पाय धरून बादलीत बुचकळतात.

एकदा काकी आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा टीव्हीवर डायनासोर दाखवत होते. एक मादी अंड्यांवर पिसांचे हात पसरून बसली होती. वाळूचं वादळ आलं तरी उठली नाही. पुढे अंड्यांसकट दगड होऊन सापडली.

“तिका उठाक काय झाला?” काकी म्हणाल्या. “येडी खंयची!” आणि अर्धा चहा तसाच टाकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीत खुडूक कोंबडी फुगून बसलेली. पोटाखाली विकायची अंडी.

“काकी, हिका बुडवूक नाय?”

“बावीक पाणी नाय,” काकी म्हणाल्या.

श्रावण चालू होता. विहिरीचं पाणी वाकून हाताने घेता आलं असतं.