कोरडी

गल्लीत त्याला सगळे ठिणगी म्हणत. धंदा वेल्डिंगचा आणि डोकंही धंद्यासारखंच. उधारीवरून त्याने एका गिऱ्हाइकाचा हात मोडला होता, दुसऱ्याचं कपाळ शटरवर आपटलं होतं. शेवटी थोरल्या भावाने, शिंप्याने, त्याला मानगूट धरून आपल्या बाप्तिस्त मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेलं. तिथे बाप्तिस्म्याला पाणी शिंपडून भागत नाही. कळत्या माणसाला अख्खं बुडवतात. हौदातून वर आला तेव्हा ठिणगी लेकरासारखा रडला.

तेव्हा मंडळी भराभर वाढत होती. कुणाच्या घरी आजारपण आलं की मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आणि हे दोघे भाऊ न बोलावता दारात हजर. त्यापायी गुत्त्यातले, बायकोला झोडपणारे, सगळेच येऊ लागले. बसायला जागा पुरेना, म्हणून ठिणगीने लोखंडी बाकं जोडून दिली.

मग त्याचं लग्न झालं. बायको दुसऱ्या ख्रिस्ती पंथातली, तान्हेपणी पाणी शिंपडलेली. "आईबापांनी देवापुढे केलेलं मी खोटं कसं म्हणू?" असं म्हणून ती हौदात बुडायला तयार नव्हती. दर रविवारी यायची, आजाऱ्यांना डबे पोचवायची, पण प्रभुभोजनाची भाकर फक्त बुडालेल्या सभासदांना, ती तिला वगळून पुढे जायची. आपल्यालाही या घरातलं म्हणावं, एवढंच तिचं मागणं.

पाळकांनी ते सभासदांच्या सभेत मांडलं. या मंडळीत पाळकाचा हुकूम चालत नाही, हात वर करून ठरतं.

थोरला उठला. "हिला अशीच घेतलीत तर उद्यापासून हौदात बटाटे ठेवा."

मागे कुणी फिसकन हसलं.

"दादा, माझ्या बायकोबद्दल बोलतोयस."

"बायको तुझी, मंडळी सगळ्यांची. कोरडी ती कोरडीच."

हा शब्द आजवर पाठीमागे कुजबुजत फिरला होता. पहिला गुद्दा थोरल्याच्या जबड्यावर बसला. दुसऱ्या गुद्द्याने तो बाकाच्या कडेवर कोसळला आणि दोन दात रक्तासकट फरशीवर पडले. तरी ठिणगी त्याला लाथा घालत राहिला. आवरायला आलेल्या पाळकांच्या बरगडीत कोपर बसलं. मग ज्याने त्याने आपला जुना हिशेब काढला. कुणाचं नाक फुटलं, कुणाच्या डोक्यात बाक बसलं. थोरल्याची बायको नवऱ्याचं तोंड पदराने दाबून किंचाळत होती.

पुढच्या रविवारी निम्मी मंडळी थोरल्याच्या अंगणात जमली. नवं माणूस दोन्हीकडे फिरकेना. "तिथे गुत्त्यापेक्षा जास्त मार मिळतो, आणि तोही शुद्धीवर असताना," गल्ली म्हणायची. आजाऱ्यांच्या दारात जाणं बंद पडलं. जखमी आपापल्या घरी.

उरलेल्यांनी पुन्हा सभा भरवली. आता विरोधाला कुणी नव्हतंच. सगळे हात वर गेले, सगळ्यांत उंच ठिणगीचा, सोलपटलेली बोटं अजून भरलेली नव्हती.

"झालं," तो बायकोकडे वळून म्हणाला. "आता कोण बोलतं बघू."

"मी बोलते," ती उठली. "दादांचे दात पाडून मिळालेली जागा मला नको."

"तुझ्यासाठीच केलं ना मी?"

"मी काय मागितलं होतं? घर. तुम्ही त्याचे दोन तुकडे करून एक माझ्या हातात ठेवताय."

पाळकांनी मान खाली घातली. ठिणगीचा हात मात्र वरच राहिला, कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. ती बाकांमधून वाट काढत बाहेर पडली आणि थोरल्या जावेच्या घराकडे चालू लागली. जबडा बांधलेल्या माणसाला चमच्याने पेज भरवायची होती, आणि त्या कामाला जाऊ एकटीच होती.