मामांचा लीवे

वाऱ्याची इतकी मर्जी राखणारा माणूस अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, असं मी माझ्या बायकोच्या मामांबद्दल छातीठोकपणे सांगतो. चाळीस वर्षं मालवाहू बोटींवर सुकाणू धरून मामा तोंडवलीला परतले ते एक पेटी, दोन टोप्या आणि एक इंग्रजी शब्द घेऊन. तो शब्द म्हणजे लीवे. वारा बोटीला वाटेवरून बाजूला सरकवतो, ते सरकणं म्हणजे लीवे. ते आधीच ओळखून बोटीचं नाक थोडं वाऱ्याकडे ठेवायचं. "वारो काय माका इचारून येता?" असं मामा म्हणतात. पण जमिनीवर उतरूनही त्यांचा लीवे उतरला नाही. जेवायला पाच माणसं असली की मामींना आठांचं कालवण करायला लावतात. एकदा तर गाडीसाठी स्टेशनवर इतके लवकर पोचले, की आदल्या दिवशीची रखडलेली गाडी पकडून आले.

याच लीवेपायी सख्खा धाकटा भाऊ तुटला. खाडीपलीकडे राहणाऱ्या या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुणे उशीर करणार हे धरून मामांनी नवऱ्याकडच्यांना परस्पर दोन तास आधीची वेळ कळवली. ते लोक नेमके वेळेवर आले! भाऊ तेव्हा पंचा नेसून, अर्ध्या गालाला साबण लावून अंगणात उभा. "माज्या दारात पाय ठेवू नको," तो म्हणाला. "मुहूर्त चुकलो काय? नाय मा?" मामा म्हणाले, आणि अकरा वर्षं बोलणं बंद.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, लीवेचा इंग्रजीत आणखी एक अर्थ आहे. समोरच्याला थोडी मोकळीक देणं, सांभाळून घेणं."

"तो अर्थ जमनीवरच्या मानसांनी काडलेलो," मामांनी निकाल दिला.

गेल्या दिवाळीनंतर भाऊ विहिरीजवळ घसरला आणि पाय मोडून बसला. तीन दिवस मामा येणाऱ्याजाणाऱ्याला "पलीकडे काय खबर?" असं आभाळाकडे बघत विचारत होते. चौथ्या दिवशी त्यांनी होडीला शीड चढवलं. "चला जावयबापू, वरच्या धक्क्यार काम आसा."

भावाची माडबाग त्या धक्क्याच्या बरीच खाली, वारा ढकलेल त्या अंगाला. होडी हळूहळू खाली सरकत होती. मी सुकाणूकडे पाहिलं. मामांचा हात गप्प होता. होडी थेट भावाच्या पायरीला लागली.

समोरच्या अंगणात खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून भाऊ बसला होता.

"खंय चललंस?"

"वरच्या धक्क्यार. वाऱ्यान आणल्यान हंय."

"चाळीस वर्सा बोटीर काडलंस आनी लीवे धरूक इसारलंस? आनी असो केवढो वारो रे? तो बघ दोरयेर पंचो, जेमतेम हलता."

दोघांनी पंच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. आधी भाऊ हसला, मग मामा, मग दोघांना ठसका लागला.

तेव्हापासून दर रविवारी वारा मामांना तिकडे नेतो. परवा मात्र खाडी आरशासारखी पडून होती. मामा शीड बांधून काठावर बसलेले. पलीकडे माडांखाली एक खुर्ची दिसत होती, आमच्याकडे तोंड करून ठेवलेली.

"मामा, वल्हवत जाऊया की," मी म्हटलं.

"नको," ओलं बोट हवेत धरून मामा म्हणाले, "वल्हवत गेलंय तर तो म्हणतलो, मुद्दाम इलो."