मुंबईचं का न्हाई लिहिलं?

मेडिकल प्रवेशाचा पसंतीक्रम भरायला मी चाकूरहून लातूरच्या नेट कॅफेत गेले होते. मार्क उत्तम होते, तरी भीतीपोटी हमखास मिळणारी जवळची कॉलेजंच लिहून नेली होती. फॉर्म भरणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या यादीवरून बोट फिरवलं.

"मुंबईचं का न्हाई लिहिलं?"

"तिथं नाही घेणार, मावशी."

"नाही म्हणायचं काम त्यांचं हाय. ते तू कशाला करायलीस?"

त्यांनी मुंबईची दोन वर घातली, मधे संभाजीनगर. माझी सगळी खाली तशीच ठेवली.

मला पहिलंच कॉलेज मिळालं. सांगायला गेले, तर मावशी खुर्चीवरून उठून अख्ख्या कॅफेला म्हणाल्या, "आपली पोरगी मुंबईला चालली!"

त्यांना माझं नावसुद्धा आठवत नव्हतं.