अकोला ते तिवसा, कान झाकून

‘एका आवाजाले ओ देजो नोको, नंदे. मानूस असंन तं दुसऱ्यांदा बलावते.’

बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी शाळेत होते. दिवेलागणीला आम्ही दोघं वावरातून घराकडे निघालो होतो आणि मागून कुणीतरी मला हाक मारल्यासारखं वाटलं. मी वळून ‘ओ’ म्हणणार तोच बाबांचा तळवा माझ्या तोंडावर आला. त्याला शेवंतीच्या पाल्याचा उग्र वास होता. आम्ही तसेच उभे राहिलो. दुसरी हाक आली नाही.

आमच्याकडे लेकरांना हे सगळेच सांगतात. जे माणूस नाही ते एकदाच बोलावतं, आणि ओ दिली की आपण त्याच्यामागे गेलोच. मी आता चाळिशी ओलांडून बरीच पुढे आले, अकोल्यात नोकरी करते, तरी पाठीमागून कुणी हाक मारली की दुसरीची वाट पाहते. ऑफिसात मला शिष्ट समजतात. नवरा म्हणतो, तुला बोलवायचं तर जोडीनंच बोलवावं लागतं.

दसरा झाल्यावर तिवशाहून सुमनकाकूंचा फोन आला. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून आहे.

‘‘नंदे, तुया बाप आवाजाले ओ देत नाई वो.’’

‘‘दुसऱ्यांदा दिला का आवाज?’’

‘‘धा डाव देल्ला! कानाले थे डबडं लावून रायते. तसाच हायवे पार करते. एखांद्या दिवशी टरक उडवून देईन, मंग मले म्हनू नोको का काकूनं सांगतलं नाई.’’

ते डबडं म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, विनोदनं, पुण्याहून पाठवलेले वायरलेस हेडफोन. बाहेरचा आवाज दाबून टाकणारे, कान पूर्ण झाकणारे. एक जोड बाबांना, तसाच एक मला. माय जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. भावाला वाटलं, बाबा एकटेच असतात, भजनं ऐकतील. माझा जोड कपाटातच पडून होता.

काकूंच्या फोननंतर मला झोप लागेना. आमचं घर हायवेच्या एका अंगाला आणि वावर दुसऱ्या. रस्ता रुंद झाला तेव्हापासून मधल्या दुभाजकात एक फट आहे, तिच्यातून बाबा रोज ये-जा करतात. मी ठरवलं, जायचं आणि ती वस्तू काढून आणायची. मात्र जिच्यावर रागवायचं ती आधी वापरून तर पाहावी, म्हणून माझा जोडही बॅगेत टाकला.

अकोल्याहून अमरावतीला जायला सकाळची एसटी बरी. ऊन चढायच्या आत पोचता येतं आणि बायकांना तिकीट अर्धंच पडतं. गाडी शहराबाहेर पडली की दोन्ही बाजूंना कापूस. वेचणीला आलेल्या बायका पाठमोऱ्या दिसतात, कमरेला कापूस भरायचे ओटे बांधलेल्या. मी खिडकीशी बसून हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

जे झालं त्यानं मी घाबरले, हे आधी सांगते. समोरची काच थडथडताना दिसत होती, पण तिचा आवाज नव्हता. इंजिनाची घरघर कुणी हातानं पुसावी तशी गेली. बस जणू काळ्या मातीवरून घसरत होती. कानांत आपलाच श्वास. थोड्या वेळानं मात्र मान सैल पडली आणि कळलं की इतकी वर्षं मी एसटीत खांदे आवळून बसत आले होते.

खुबी अशी आहे की सतत चालणारा आवाज हे यंत्र पार खाऊन टाकतं. इंजिन, पंखा, पाण्याची मोटर. अचानक आलेला आवाज, म्हणजे हाक, हॉर्न, तो खात नाही. पातळ करून देतं. जवळच्या माणसाचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. लांबचं येतच नाही.

गाणंही ऐकून पाहिलं. तबल्यावर बोट घासल्याचं इतकं स्पष्ट आलं की कुणी मागच्या सीटवर वाजवतंय की काय, म्हणून वळून पाहिलं. तर मागे कंडक्टर.

‘‘म्याडम, कानाले कुलूप लावलं का? कवाचा तिकीट इचारून रायलो!’’

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण तो केव्हापासून माझ्या मागे उभा होता हे मला कळलं नव्हतं, ते काही हसण्यासारखं वाटलं नाही.

मूर्तिजापूर येईतो काही उण्या बाजूही कळल्या. कानातल्या कुड्या हेडफोनच्या गादीखाली दाबल्या जातात, त्या काढून पर्समध्ये ठेवाव्या लागल्या. चष्म्याच्या काड्या कानशिलात रुततात. अंबाडा असेल तर पट्टी कुठे ठेवायची हा प्रश्नच. ऑक्टोबरच्या उन्हात कानांभोवती घामाचं कडं धरतं, आणि वरून स्कार्फ बांधला तर विचारूच नका. बाकी वजन जाणवत नाही, चार्जिंग जातायेताचे दोन्ही दिवस पुरलं.

अमरावतीच्या स्टँडवर उतरून गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर तिखट चटणी. इथे गाडी बदलायचीच आहे तर तो खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग तिवशाच्या गाडीची वाट पाहत, हेडफोन लावूनच, मी फलाटाच्या कडेनं चालू लागले. तेवढ्यात कुणीतरी माझी पर्स अशी ओढली की मी मागच्या बाईच्या अंगावरच पडले. जिथे मी होते तिथून एसटीचं मागचं चाक गेलं. गाडी रिव्हर्स येत होती.

‘‘मराले चालली का वो बाई?’’ त्या अनोळखी बाईचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘सारं स्टँड बोंबलून रायलं!’’

सारं स्टँड. मला त्यातला एकही शब्द ऐकू आला नव्हता. मी हेडफोन बॅगेच्या तळाशी टाकले. तिवसा येईपर्यंतचा तास मी खिडकीतून बाहेर पाहत होते, पण दिसत होते बाबा आणि दुभाजकातली ती फट.

बाबा रस्त्यापलीकडे झेंडू तोडत होते. हेडफोन गळ्यात, बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यासारखे.

‘‘बाबा!’’

त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा ओरडले, तेव्हा ते सावकाश वळले.

‘‘आलो ना! दुसऱ्या आवाजाले आलो का नाई? कायले बोंबलून रायली?’’

म्हणजे ऐकू येत होतं. दिवसभर मी पाहत राहिले, हेडफोन गळ्यातून वर गेलेच नाहीत. दुपारी सावलीत भाकर खाताना मी विषय काढला.

‘‘कानाला त्रास नाही होत?’’

‘‘उनात कान उकडते. पन हिवाळ्यात पायजो, कानटोपीचं काम नाई.’’ त्यांनी बाजूचं बटण दाखवलं. ‘‘हे चोर बटन हाये. आवाज चोरते.’’

‘‘ऐकता काय पण?’’

‘‘काई नाई.’’

मला वाटलं चेष्टा आहे. त्यांचे हेडफोन घेऊन कानाला लावले. आत काहीच लागलेलं नव्हतं. फोनमध्ये एकही भजन नव्हतं. विनोदनं भरून दिलेली सगळी त्यांनी काढून टाकली होती. ‘‘पिंप बडवल्यावानी आवाज करते लेकाचे,’’ एवढंच म्हणाले.

ऊन उतरलं. पलीकडच्या मोटरी बंद झाल्या, तित्तिर बोलायला लागले. फुलांची पोती बांधून झाली, आणि बाबांनी मला काही न सांगता हेडफोन वर चढवले. बटण दाबलं. मग विळा उचलला. सगळं रोजच्यासारखं, विळ्याच्या आधी हेडफोन.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. हातानं खूण केली, काढा. त्यांनी एकच कान मोकळा केला.

‘‘कायले लावता हे, बाबा? गाणं नाही, काही नाही.’’

ते धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, बघत राहिले. तिथे निंबाचं झाड आहे. माय तिथे उभी राहून त्यांना घरी बोलवायची.

‘‘तुयी माय आवाज देते,’’ ते म्हणाले. ‘‘ओ नंदेचे बावा, म्हनते. एकच डाव.’’

मी विचारलं, ‘‘मग?’’

‘‘मंग काय? मी दुसऱ्याची वाट पायतो. येत नाई.’’

‘‘मायचं भेव वाटतं तुम्हाला?’’

‘‘तिचं कायचं भेव? जलमभर तिनं आवाज देल्ला.’’ त्यांनी मोकळ्या कानावर हात धरला. ‘‘माह्यं भेव वाटते. एखांद्या दिवशी तोंडातून ओ निंगून जाईन. सवय हाये ना, पोरी.’’

‘‘पण यातून आवाज येत नाही?’’

‘‘कापसाचे बोळे घालून पायले, बोळ्यातून येत होता. याच्यातून येते का नाई, मालूम नाई. पन आला नाई असं म्हनता येते.’’

मी शिकलेली बाई. मनाचे खेळ, एकटेपण, वर्षश्राद्ध जवळ आलंय, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मीसुद्धा आयुष्यभर दुसरीची वाट पाहत आले आहे, मी कोणत्या तोंडानं सांगणार? मी कान दिला. तित्तिर, लांबून ट्रक, वाऱ्यानं सळसळणारी तूर. मला काही ऐकू आलं नाही. आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं.

बाबांनी दुसरा कान झाकला आणि चालू लागले. मी दोन पावलं मागे.

रस्ता ते नीट पार करतात. काकूंना वाटतं तसं नाही. ते कडेला उभे राहिले, उजवीकडे पाहिलं, ट्रक जाऊ दिला, फटीपर्यंत गेले, मग डावीकडे पाहून पुढची गाडी जाऊ दिली. माझ्या जिवात जीव आला. ते पुढे पाऊल टाकत होते आणि त्याच वेळी उजवीकडून, राँग साइडनं, दिवा न लावता एक मोटरसायकल आली. त्या अंगाला पाहायचं कारणच नव्हतं. ते फक्त ऐकूनच कळलं असतं.

‘‘बाबा!’’

एकदाच. दुसऱ्यांदा हाक मारायला वेळच नव्हता.

त्यांची पाठ तशीच पुढे जात राहिली. मी धावले आणि सदरा मुठीत धरून खेचला. आम्ही दोघं दुभाजकाच्या दगडांवर बसल्यासारखे पडलो. गाडी वारा देऊन गेली. हेडफोन त्यांच्या गळ्यात घसरले होते.

‘‘आवाज देल्ता का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दिला होता.’’

‘‘किती डाव?’’

‘‘एकच.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, मी माणूस आहे की नाही हे ते पाहत होते. मग माझा हात धरून उठले. घरी येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि हेडफोन पुन्हा वर चढवले नाहीत. पण घरात पाऊल टाकताच चढवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला गाडीवर सोडायला आले. हायवेपलीकडून फुलं भरलेले टेम्पो नागपूरकडे जात होते. हेडफोन मागायचे म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. काढून घेतले तर ते त्या आवाजासमोर उघडे पडतील. ठेवले तर रस्त्यावर. मी काहीच न मागता एसटीत बसले.

‘‘पोचली का फोन करजो,’’ खिडकीखालून ते म्हणाले. ‘‘पयल्या डावात नाई उचलला तं पुन्हा लावजो.’’

अकोल्याला परत येऊन आठवडा झाला. तुमच्यापैकी कुणी प्रवासासाठी असे हेडफोन घ्यायच्या विचारात असाल तर जरूर घ्या. लांबच्या एसटीत अंग थकत नाही, झोप लागते, गाणं तर अप्रतिम. कंडक्टर येईपर्यंत थांबा आणि मगच लावा. बायकांनी कुड्या आधीच काढून ठेवाव्यात. स्टँडवर, रस्त्यावर, मोकळ्या वावरात लावू नका. जी एकच हाक तुमच्यासाठी असेल, ती त्यातून येणार नाही.

मी माझे पुन्हा कपाटात ठेवले आहेत. संध्याकाळ झाली की गॅलरीत उभी राहते. बाबा या वेळी विळा उचलत असतील, त्याच्या आधी हेडफोन. मग उजवीकडे पाहत असतील, मग डावीकडे. त्या फटीत ते पोचले असतील असं वाटतं तेव्हा माझा श्वास अडकतो, आणि ‘घरी आलो’ हा त्यांचा आता रोजचा झालेला फोन येईपर्यंत अडकूनच राहतो.

आज तो फोन येईल तेव्हा मी विचारणार आहे. ते काय म्हणतील हे ठाऊक आहे. आधी ‘पागल झाली का’ म्हणतील. मग, लहानपणी तोंडावर ठेवला होता तसा हात इथवर पोचत नाही म्हणून, चिडून फोन ठेवून देतील. पोरीला त्या आवाजापुढे करायला ते कधीच तयार होणार नाहीत. तरी विचारते.

बाबा, उद्यापासून ते कानांवर चढवू नका. सांजच्याला मला फोन लावा आणि रस्ता पार होईपर्यंत तो सदऱ्याच्या खिशात चालू राहू द्या. मायनं आवाज दिला तर तुम्ही गप्प राहा, बाबा. एकच दिला तरी चालेल. ओ मी देते.