उजवा कौल

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही—नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते. सांगून आता काय होणार आहे?

माझा दादा जहाजावर नोकरीला होता. वहिनीला सातवा लागला तेव्हा तो सुट्टीवर आला आणि मला विहिरीपाशी बोलावून म्हणाला, "माका एचआयव्ही आसा. तिका पण आसतला. डॉक्टर म्हणतत, आधी कळला तर गोळये आसत, पोराक वाचवूक येता. माझ्या तोंडातसून भायर पडना नाय. तू सांग गो तिका." आणि परत जहाजावर निघून गेला.

सांगणार होते—खरंच होते. पण वहिनी देवबागची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार. तिथे कळलं की गावभर होणार. बाजारात आईच्या पाटीतली मासळी कोण घेईल? आणि माझं लग्न ठरत होतं. तेही लपवत नाही.

म्हटलं, देवालाच विचारू. पण कौल लावायचा तर गुरवाला प्रश्न मोठ्याने सांगावा लागतो, चार माणसं ऐकत असतात. हे कसं विचारणार? मी विचारलं, "वयनीक माहेराक धाडूचा काय?" गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांबरोबर मीही "होय म्हाराजा" म्हटलं. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी पडली. उजवा कौल, म्हणजे होकार! केवढं हायसं वाटलं मला. तिला धाड आणि गप्प बस, असंच देव म्हणतोय, असं मी धरून चालले.

दादाचा फोन आला. मी म्हटलं, सांगितलंय.

वहिनी माहेरी घरातच सुईणीच्या हातून बाळंत झाली. मुलगी. गोळी नाही, औषध नाही, वर अंगावर पाजत राहिली—तिला काय ठाऊक? बारशाला आत्या म्हणून पोरीच्या कानात नाव मीच सांगितलं. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? वहिनी शेजारीच बसली होती.

दादा तिकडेच आजारी पडून गेला. विचारणारं कुणी उरलं नाही. पोर सारखी तापाने फणफणायची. शेवटी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा सगळ्यांना कळलं, पण फार उशीर झाला होता. ती गेली त्या दिवशी मी रडले नाही. भात केला, सगळ्यांना वाढला. अजूनही रडू येत नाही.

वहिनी आता औषधांवर आहे. मी माहेरी गेले की ती कधी मध्येच विचारते, "देवान उजवो कौल दिल्यान, मगे माझ्या चेडवाचा असा कित्याक झाला गो?"

मी म्हणते, "देवाक ठावक."

ती आता देवळाची पायरी चढत नाही. देवाला मी ते विचारलंच नव्हतं.