पुढे बोलावलं, तर सखूमावशी मागे गेल्या

मंडळी, दुपारपासून मन एकोडीच्या समाजमंदिरातच अडकलं आहे.

तिथे आमच्या नाटकाची तालीम होती. या नाटकात नट नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या गावच्या बाया आपल्या थकलेल्या शरीराची खरी गोष्ट स्वतःच सांगतात.

सखूमावशी कमरेतून पार वाकल्या आहेत, काठीशिवाय चालत नाहीत. मी म्हटलं, "मावशी, जन्मभर केलेलं एखादं काम करत पुढे, लोकांजवळ या."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंडी धरल्यासारखं केलं आणि रोवणी सुरू केली. पण त्या मागे मागे सरकायला लागल्या.

"मावशी, इकडे! पुढे!" मी ओरडले.

"काहून वो? पुढे आली तं रोवलेलं तुडवीन ना!"

शेतकऱ्याची पोर मी, आणि एवढंही विसरले!

बाकीच्या बायाही न सांगता त्यांच्या रांगेत वाकल्या. मावशींची टाच मागच्या भिंतीला लागली, तेव्हाच त्या थांबल्या.

मी काठी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"सून धानाच्या बांधीत, चिखलात उतरू देत नाही. म्हणते, पडसान. पण रोवणी आली का मी सकाळपासून दारात बसतो. वाटते, कोणी हाक मारन."

तुमच्या घरी कोण अशी हाकेची वाट पाहून राहिलं आहे? विचारलंत कधी?

मावशी आता नाटकात मागेच जातील. प्रेक्षकांच्या खुर्च्याच मी त्या बाजूला मांडणार आहे.