काळ्या अबायावरचा हलवा

श्यामलाच्या बोटांना चटके बसून फोड आले, की आमच्या बिल्डिंगीत समजायचं, संक्रांत आली. कुवेतमधल्या आमच्या मंगाफची जानेवारीतली कोरडी थंडी हलव्याला अशी मानवते की काय सांगू! मंद आचेवर परात, परातीत खसखस, तिच्यावर थोडा थोडा पाक आणि उघड्या बोटांनी हलवत बसायचं. काटा फुलेपर्यंत ही बाई कुणाशी धड बोलायची नाही. इथल्या कितीतरी मराठी सुनांची पहिली संक्रांत तिच्याच दागिन्यांत झाली.

जूनमध्ये तिचे यजमान विश्वास गेले. मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीतून कामावरून घरी आले, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत सगळं संपलं होतं. आता मार्चमध्ये तिचा इकामा, नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला राहण्याचा परवाना, संपणार, म्हणजे इथलं राहणंच संपणार. जाण्याआधी एवढी एक संक्रांत करते, म्हणाली. तिच्या हातचे दागिने दरवर्षीसारखे कुणाच्या तरी अंगावर चढावेत, बाकी तिला काही नको होतं.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर यंदा नीट फोटो टाकायचे, हे मीच डोक्यात घेतलं. तिच्या हॉलच्या खिडकीशी इस्त्रीचं टेबल लावलं. इथलं ऊन डोळ्यांत खुपतं, म्हणून काचेला बेकिंगचा कागद चिकटवला. उजेड दुसऱ्या बाजूने परतावा म्हणून फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला. खाली पांढरा चार्ट पेपर अंथरला. पांढऱ्यावर पांढरा हलवा, दिसणार डोंबल! हलव्याला काळंच हवं, आणि विश्वास गेल्यापासून श्यामला स्वतःच्या संक्रांतीच्या काळ्या साडीला हात लावेना. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या सफियाभाभींनी, त्या रत्नागिरीच्या, आपला जुना अबाया, बुरख्यासारखा काळा झगा, आणून दिला. त्यावर एकेक काटा उठून दिसला. कितीतरी महिन्यांनी श्यामला हसली.

नंतरचे फोटो तिने एकटीनेच काढले. नव्या नवरीच्या संचात हलव्याचं मंगळसूत्रही असतं. त्याची लांबी कळावी म्हणून वेडीने ते गळ्यात घालून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. घरात दुसरा गळा कुठून आणणार? चेहरा नव्हता, नुसता गळा आणि हलवा. पण आमच्या बायका हलव्याकडे कशाला बघतील! विधवेने मंगळसूत्र घातलं, एवढंच त्यांना दिसलं.

ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. मग एकेकीचे निरोप आले. कुणाच्या सासूबाई पुण्याहून दागिने पाठवत होत्या, कुणी यंदा साधेपणानेच करणार होतं. एकीने तर मला फोन करून विचारलं, नव्या सुनेच्या अंगावर ते कसं घालायचं म्हणून. मेलीला असं फैलावर घेतलं की परत फोन करायची नाही. पण उपयोग काय? संच डब्यांतच राहिले, आणि श्यामलाने कारण विचारलंसुद्धा नाही.

संक्रांतीनंतर माझ्या नातवाचं बोरन्हाण होतं. मी मुद्दामच ते श्यामलाच्या हॉलमध्ये करायचं ठरवलं. माझी लेक कौमुदी इथेच वाढलेली, तिला असलं काही ठाऊकच नाही. म्हणाली, काकूंनीच केलंय, काकूच घालू देत. काळं झबलं घातलेल्या बाळाला खिडकीपाशी अबायावर बसवलं. हार होता, मुकुट होता, छोटीशी बासरी होती. मी श्यामलाला म्हटलं, आधी तू घाल.

तिने मुकुट उचलला, बाळाच्या कपाळापर्यंत नेला, आणि तिचे हात थांबले. मग तिने तो माझ्या हातात दिला.

"नको, नीरजा. मलाच भीती वाटते आता. बाळाला काही झालं तर?"

मला रडू आवरेना. त्या बायांना मी चार शब्द सुनावू शकले होते, हिला काय बोलणार होते?

ती रडली नाही. थर्माकोल थोडा सरकवला, फोन उचलला आणि मागे जाऊन उभी राहिली.

"तू घाल," म्हणाली. "मी फोटो काढते."

फोटो सुरेख आलेत. बाळ हसतंय, माझे हात दिसतायत, कौमुदीचे दिसतायत. श्यामला एकाही फोटोत नाही.